खलनायकाचा पासपोर्ट

जेम्स बाँडचा पहिला खलनायक कोणत्या देशाचा, या प्रश्नाला उत्तर नाही. इयन फ्लेमिंगने ते मुद्दामच ठेवलेले नाही. 1953 साली आलेल्या 'कसिनो रॉयाल' या पहिल्या बाँड कादंबरीतला ल शिफ्र कोणत्याच देशाचा नागरिक नाही. महायुद्ध संपता संपता तो डाखाउच्या निर्वासित छावणीत सापडतो. आपले नाव-गाव आठवत नाही असे सांगतो, आणि पासपोर्टावरच्या आकड्यावरून स्वतःला नाव घेतो. पुढच्याच वर्षी, 21 ऑक्टोबर 1954 रोजी, अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीने या कादंबरीचे तासाभराचे नाट्यरूप थेट प्रक्षेपित केले. त्यात बाँडला चक्क अमेरिकन करून टाकले होते. ल शिफ्रच्या भूमिकेसाठी मात्र त्यांनी निवडलेला नट या पात्राच्या इतका जवळचा होता की आज ते पाहताना अंगावर काटा येतो. तो नट म्हणजे पीटर लोर.

लोर 1904 मध्ये जन्मला तेव्हा त्याचे गाव हंगेरीच्या राज्यात होते, आज ते स्लोवाकियात आहे. घर ज्यू, भाषा जर्मन. फ्रिट्झ लांगच्या 'एम' या 1931 सालच्या चित्रपटाने त्याला बर्लिनमध्ये एका रात्रीत प्रसिद्ध केले. 1933 साली हिटलर सत्तेवर आला आणि लोरने जर्मनी सोडली. पॅरिस, लंडन, मग हॉलिवूड. लंडनमध्ये आल्फ्रेड हिचकॉकने 'द मॅन हू न्यू टू मच' (1934) मध्ये त्याला हेरांच्या टोळीचा म्होरक्या केले, तेव्हा त्याला इंग्रजी धड येत नव्हते. वाक्यांचे उच्चार पाठ करून त्याने ती भूमिका निभावली. पुढे 1940 मध्ये नाझींनी ज्यूंविरुद्ध विष पेरणारा एक प्रचारपट काढला आणि त्यात 'एम'मधला लोरचाच तुकडा वापरला. ज्या राजवटीने त्याचा चेहरा विकृत ज्यूचा नमुना म्हणून मिरवला, त्याच राजवटीचे हेर आणि हस्तक म्हणून हॉलिवूडने त्याला वर्षानुवर्षे उभे केले. कारण एकच होते, त्याच्या इंग्रजीला येणारा जर्मन हेल.

पुढच्या पानांतला सगळा ऐवज या एका माणसाच्या आयुष्यात साठलेला आहे. हेरपटातल्या खलनायकाचे पडद्यावरचे राष्ट्र आणि तो साकारणाऱ्या नटाचे खरे राष्ट्र यांत अंतर असते, हे चित्रपट पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. रशियन जनरल डच असतो, कोरियन नोकर हवाईतला जपानी वंशाचा असतो. चित्रपटप्रेमी अशा जोड्या हौसेने गोळा करतात, आणि मीही त्या केल्या आहेत. पण हे अंतर का पडले, हे विचारत गेले की विसाव्या शतकाचा बराचसा इतिहास हाती लागतो. कोण कुठून पळाला, कोणाला कुठे आश्रय मिळाला, कोणत्या सरकारला दुखवायचे नव्हते, कोणत्या देशात तिकिटे विकायची होती, हे सगळे त्या नामावलीत दडलेले असते. माझे ठाम म्हणणे असे की हेरपटांच्या सुवर्णकाळात पडद्यावरचा शत्रू ज्याच्या तोंडून बोलत होता, तो माणूस पुष्कळदा त्या शत्रूचाच बळी होता. हे पुस्तक मुख्यतः त्या माणसांसाठी लिहिले आहे.

कॉनराड फाइट हे त्यांतले पहिले मोठे नाव. मूकपटांच्या काळातला हा जर्मन तारा ज्यू नव्हता, पण त्याची पत्नी ज्यू होती. नाझी राजवटीने कलावंतांकडून वंशाची माहिती मागवली तेव्हा त्याने स्वतःपुढेही 'ज्यू' असेच लिहिले आणि देश सोडला. 1939 मध्ये तो ब्रिटिश नागरिक झाला, युद्धनिधीला त्याने स्वतःची मोठी कमाई दिली. पडद्यावर मात्र त्याच्या वाट्याला जर्मन पाणबुडीचा कप्तान, नाझी हस्तक, नाझी अधिकारी याच भूमिका येत राहिल्या. 1942 च्या 'ऑल थ्रू द नाइट'मध्ये न्यूयॉर्कमध्ये लपलेल्या नाझी टोळीचा प्रमुख फाइट आहे आणि त्याचा साथीदार लोर. जर्मनीतून परागंदा झालेले दोघे अमेरिकन प्रेक्षकाला जर्मनीची भीती दाखवत होते. 'कॅसाब्लँका'तला मेजर श्ट्रासर हीच त्याची जगाला आठवणारी ओळख. 1943 च्या एप्रिलमध्ये पन्नासाव्या वर्षी तो गेला. हिटलरचा पराभव पाहायला तो उरला नाही.

युद्धानंतर शत्रू बदलला, पण नट तेच राहिले. शीतयुद्धात मॉस्कोचे नट लंडनच्या पाइनवुड स्टुडिओत येऊन रशियन खलनायक रंगवतील, हे शक्यच नव्हते. लंडनमध्ये मात्र मध्य युरोपातून आलेल्या निर्वासित कलावंतांची एक पिढी स्थिरावली होती. त्यांचे उच्चार बिगरइंग्रजी होते, ते नेमके कुठले याची सामान्य प्रेक्षकाला पर्वा नव्हती. 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' (1963) हा चित्रपट या दृष्टीने पुन्हा पाहावा असा आहे. त्यातली रोझा क्लेब, बुटाच्या टोकात विषारी पाते बाळगणारी सोव्हिएत अधिकारी, साकारली आहे लोटे लेन्या हिने. ही व्हिएन्नाची गायिका. पु. ल. देशपांडे यांनी 'तीन पैशाचा तमाशा' म्हणून मराठीत आणलेले ब्रेख्टचे नाटक 1928 मध्ये बर्लिनला पहिल्यांदा रंगले, तेव्हा जेनीची भूमिका लेन्याने केली होती आणि संगीत होते तिचा नवरा कुर्ट वाइल याचे. वाइल ज्यू होता. 1933 नंतर त्या दोघांना जर्मनीत जागा उरली नाही. वाइल गेल्यानंतर त्याची गाणी जगभर जिवंत ठेवण्यात लेन्याने उरलेले आयुष्य घातले. ज्यांनी तिचे ते गाणे ऐकले आहे त्यांना रोझा क्लेबचा खरखरीत आवाज निराळाच ऐकू येतो. माझ्या मते संपूर्ण बाँडमालिकेत तिच्या तोडीचा खलाभिनय दुसरा नाही.

त्याच चित्रपटात बुद्धिबळपटू क्रोनस्टीन आहे, पात्र चेकोस्लोवाकियाचे. तो रंगवणारा व्लादेक शेइबाल पोलिश. 1944 च्या वॉर्सा उठावात तो प्रत्यक्ष लढला होता आणि जर्मनांच्या हाती सापडला होता. आंद्रेई वायदाने त्या उठावावर 'कानाव' (1957) हा चित्रपट काढला, तेव्हा गटारांतून वाट काढणाऱ्या बंडखोरांबरोबर भरकटत वेडा होणारा संगीतकार शेइबालने केला. पुढे तो इंग्लंडला आला आणि पूर्व युरोपातल्या थंड रक्ताच्या माणसांच्या भूमिकांत अडकला. तिसरा वॉल्टर गोटेल. जन्म जर्मनीतल्या बॉनचा. नाझी आल्यावर कुटुंबासह ब्रिटनला आलेला हा मुलगा युद्धकाळातल्या ब्रिटिश चित्रपटांतच जर्मन सैनिकांच्या भूमिका करू लागला होता. 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मध्ये तो स्पेक्टर या गुन्हेगारी टोळीच्या प्रशिक्षणतळाचा प्रमुख आहे, आणि 1977 ते 1987 या काळात सहा बाँडपटांत तो केजीबीचा जनरल गोगोल झाला. एकाच चित्रपटात असे तिघे सापडावेत, हा योगायोग मानायला मी तयार नाही. त्या काळच्या लंडनची वस्तीच तशी होती.

इतिहास इतका सरळ नसतो, हे गर्ट फ्रोबेच्या प्रकरणात दिसते. 'गोल्डफिंगर' (1964) मधला हा जर्मन नट 1929 ते 1937 नाझी पक्षाचा सदस्य होता. ही गोष्ट उघड झाल्यावर इस्रायलने चित्रपटावर बंदी घातली. मग एका ज्यू माणसाने पुढे येऊन सांगितले की नाझी काळात फ्रोबेने मला आणि माझ्या आईला लपवून वाचवले होते. बंदी उठली. या माणसाला एका वाक्यात दोषी किंवा निर्दोष ठरवणे मला जमलेले नाही, आणि मला ते करायचेही नाही. आणखी एक तपशील. फ्लेमिंगचा गोल्डफिंगर मूळचा रीगाचा, आता ब्रिटिश नागरिक. पडद्यावर देह जर्मन नटाचा, आणि आवाज मायकल कॉलिन्स या इंग्रज नटाचा, कारण फ्रोबेचे इंग्रजी कच्चे होते. पुढच्याच वर्षी 'थंडरबॉल'मध्ये इटालियन अदोल्फो चेलीच्या तोंडी रॉबर्ट रिएटीचा आवाज बसवला गेला. म्हणजे ज्या परकी हेलासाठी नट निवडला, तो हेलही कित्येकदा त्याचा नसे.

आशियाई खलनायकांच्या बाबतीत मात्र मला इतका समजूतदारपणा दाखवता येत नाही. 'डॉ. नो' (1962) मधला डॉक्टर जर्मन मिशनरी आणि चिनी मुलगी यांचा मुलगा. भूमिका केली जोसेफ वाइजमन या मॉन्ट्रियलच्या ज्यू नटाने, डोळ्यांना रंगभूषा करून. तो नट अव्वल होता यात शंका नाही. पण मध्य युरोपातले नट उपलब्ध होते म्हणून घेतले गेले, तसे इथे म्हणता येत नाही. चिनी वंशाचे नट लंडनमध्ये आणि हॉलिवूडमध्ये होते, त्यांना बाजूला उभे केले गेले, एवढेच. 'गोल्डफिंगर'मधला मुका ऑडजॉब कोरियन आहे. तो साकारणारा हॅरल्ड साकाटा हवाईत जन्मलेला जपानी वंशाचा अमेरिकन, 1948 च्या लंडन ऑलिंपिकमधला वेटलिफ्टिंगचा रौप्यपदक विजेता. कोरिया 1945 पर्यंत जपानच्या ताब्यात होता, हे माहीत असलेल्या कोरियन प्रेक्षकाला ती निवड कशी दिसली असेल, याचा विचार निर्मात्यांनी केल्याची खूण चित्रपटात कुठेही नाही. जवळजवळ चाळीस वर्षांनी 'डाय अनदर डे' (2002) मध्ये उत्तर कोरियन खलनायक आले, तेव्हा रिक यून आणि विल युन ली हे कोरियन वंशाचे अमेरिकन नट घेतले गेले. दक्षिण कोरियाच्या छा इन-प्यो या लोकप्रिय नटाने त्या चित्रपटातली भूमिका नाकारली, चित्रपटाविरुद्ध तिथे निदर्शनेही झाली. आणि कथेत काय घडते? कोरियन कर्नल जनुकोपचाराने गोरा इंग्रज होऊन परततो आणि बाकीचा चित्रपट टोबी स्टीफन्स हा इंग्रज नट खाऊन टाकतो.

भारताचा संबंध येतो तो 'ऑक्टोपसी'त (1983). उदयपूरला चित्रित झालेल्या या चित्रपटातला कमाल खान हा परागंदा अफगाण राजपुत्र आहे आणि ती भूमिका मार्सेयच्या लुई जुर्दांची आहे. फ्रान्सवर जर्मनांचा ताबा असताना प्रतिकार चळवळीला मदत करणारा हा नट हॉलिवूडमध्ये गुलछबू फ्रेंच प्रियकर म्हणून गाजला होता. मुख्य खलनायक गोरा आणि त्याचा पगडीवाला अंगरक्षक गोविंदा म्हणून मुंबईचा कबीर बेदी, ही उतरंड आज डोळ्यांत खुपते. बेदी तेव्हा काही नवखा नव्हता. 'सांदोकान' या 1976 च्या मालिकेने तो इटलीत घराघरांत पोचला होता. तरीही कमाल खानच्या खुर्चीत त्याला बसवावे असे कोणाला वाटले नाही. विमानाच्या पाठीवर चढून बाँडशी झुंजण्याचे काम त्याला दिले.

बाजाराची बाजूही सांगायला हवी, पण ती थोडक्यात सांगता येते. एखाद्या देशाचे नाव शत्रू म्हणून घेतले की त्या देशाचा आणि त्याच्या मित्रांचा बाजार जातो. फ्लेमिंगच्या कादंबरीत रोझा क्लेब स्मेर्श या सोव्हिएत हेरसंस्थेसाठी काम करते. चित्रपटात ती स्मेर्श सोडून स्पेक्टर या देश नसलेल्या टोळीत गेली आहे. स्पेक्टरचा प्रमुख ब्लोफेल्ड कादंबरीनुसार पोलिश बाप आणि ग्रीक आई यांचा मुलगा. पडद्यावर त्याला स्कॉटिश नटाचे हात आणि व्हिएन्नाच्या नटाचा आवाज मिळाला, मग चेक यान वेरिखला बोलावून चित्रीकरण सुरू केले आणि तो फारच प्रेमळ दिसतो म्हणून परत पाठवले. त्यानंतर दोन इंग्रज, मधे एक ग्रीक वंशाचा अमेरिकन, आणि 2015 मध्ये पुन्हा व्हिएन्नाचाच क्रिस्टोफ वाल्ट्झ. वेरिखही 1939 मध्ये नाझींपासून अमेरिकेत पळालेला होता. 'मूनरेकर' (1979) फ्रान्सच्या भागीदारीत बनला, म्हणून ड्रॅक्स झाला पॅरिसचा मिशेल लोन्सदाल. मूळ कादंबरीतला ड्रॅक्स इंग्रज म्हणून वावरणारा नाझी होता, त्याचा त्या चित्रपटात मागमूसही नाही. सोव्हिएत संघ कोसळल्यावर रशियन नटांना दारे उघडली असतील अशी अपेक्षा करावी, तर 'गोल्डनआय' (1995) पाहावा. रशियन जनरल जर्मन आहे, रशियन संरक्षणमंत्री फ्रेंच, जॉर्जियन मारेकरीण डच, रशियन संगणकतज्ज्ञ आणि रशियन माफिया दोघेही स्कॉटिश, रशियन नायिका पोलंडमध्ये जन्मलेली स्वीडिश.

पलीकडच्या बाजूला काय चालले होते, यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, कारण त्याशिवाय हे चित्र एकांगी राहिले असते. 1973 मध्ये सोव्हिएत दूरचित्रवाणीवर तात्याना लिओझ्नोवाची 'वसंताचे सतरा क्षण' ही बारा भागांची हेरमालिका आली. तिच्यातला गेस्टापोप्रमुख म्यूलर देशभर लोकप्रिय झाला. तो नट लिओनिद ब्रोनेवोय कीवच्या ज्यू कुटुंबातला. बाप सोव्हिएत गुप्त पोलिसांतच नोकरीला होता, 1937 मध्ये त्यालाच अटक झाली, कोलिमाच्या श्रमछावणीत पाठवले आणि कुटुंब हद्दपार झाले. अशा घरातला मुलगा मोठा होऊन गुप्त पोलिसांचा प्रमुख रंगवतो, तोही इतका माणसासारखा की प्रेक्षक त्याच्यावर प्रेम करू लागतात. पाश्चात्य माणूस हवा असला की सोव्हिएत दिग्दर्शक लिथुआनिया, लाटविया, एस्टोनिया इथले नट बोलवत. मॉस्कोने गिळलेल्या देशांतली माणसे मॉस्कोच्या पडद्यावर परकी म्हणून दिसत होती, हे सत्य त्या चित्रपटांनी नकळत नोंदवून ठेवले आहे.

1987 नंतरची कहाणी एका चेहऱ्यात सांगता येते. आर्ट मलिकचा जन्म पाकिस्तानातल्या बहावलपूरचा, वाढला इंग्लंडमध्ये. 'द लिव्हिंग डेलाइट्स' (1987) मध्ये तो सोव्हिएत फौजांशी लढणारा अफगाण मुजाहिद आहे, ऑक्सफर्डला शिकलेला, बाँडचा मित्र. सात वर्षांनी 'ट्रू लाइज'मध्ये तोच चेहरा अणुबाँबची धमकी देणाऱ्या अरब अतिरेक्याचा होतो. मलिक तोच होता, फक्त मधल्या काळात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानातून परतल्या होत्या आणि शीतयुद्ध संपले होते. यानंतर दक्षिण आशियाई आणि अरब वंशाच्या कित्येक नटांना पश्चिमेत अतिरेक्याखेरीज काम मिळणे दुरापास्त झाले. माझा खरा आक्षेप इथे आहे. रशियनाने रशियनच करावा, चिन्याने चिनीच, असा आग्रह धरला तर अभिनयाला अर्थ उरणार नाही. पण एखाद्या वंशाच्या नटाला खलनायक सोडून दुसरे काही मिळूच नये, ही व्यवस्था अन्यायाची आहे, मग ती भूमिका कितीही चांगली लिहिलेली असो. इजिप्शियन आईबापांचा मुलगा रामी मालेक याने 'नो टाइम टू डाय' (2021) स्वीकारताना, हे पात्र कोणत्याही धर्माच्या वा विचारसरणीच्या नावाने दहशत माजवणारे असेल तर मी करणार नाही, अशी अट घातली. लोरच्या पिढीला अशी अट घालण्याची मुभा नव्हती.

हिंदी हेरपटांवरचे प्रकरण सर्वांत शेवटी आहे, आणि ते मला सर्वांत अवघड गेले. आपल्याकडे शत्रू बहुतेक वेळा पाकिस्तानी, आणि तो साकारणारा नट भारतीय. दोघांची भाषा, चेहरा, लग्नातली गाणीसुद्धा एकच असल्यामुळे प्रेक्षकाला फरक दाखवायला दिग्दर्शक सुरमा, टोपी आणि 'जनाब' यांवर विसंबतो. 'सरफरोश'मधला (1999) नसीरुद्दीन शाहचा गझलगायक गुलफाम हसन या सोप्या खुणांच्या पलीकडे जातो, म्हणून तो लक्षात राहतो. 'बेबी' (2015) मध्ये पेशावरचे रशीद नाझ प्रत्यक्ष मौलानाच्या भूमिकेत आले. चित्रपट पाकिस्तानात दाखवला गेला नाही, आणि 2016 मध्ये उरीच्या हल्ल्यानंतर इथल्या निर्मात्यांच्या संघटनेने पाकिस्तानी कलावंतांना काम न देण्याचा ठराव केला. गोऱ्या खलनायकाची गरज मुंबईने घरातच भागवली. सिडनीहून आलेला बॉब क्रिस्टो आणि मसुरीत जन्मलेला, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला टॉम ऑल्टर. ऑल्टर यांचे उर्दू त्यांना पडद्यावर मारणाऱ्या बहुतेक नायकांपेक्षा सरस होते. या देशात जन्मून, या देशाचे नागरिक असून आयुष्यभर परका रंगवत राहिलेल्या या माणसाला लोर आणि गोटेल यांच्या रांगेत बसवावे असे मला वाटते, आणि पुस्तकात मी तसेच केले आहे.

काय घेतले नाही तेही सांगतो. विनोदी हेरपट, ('वसंताचे सतरा क्षण' सोडल्यास) दूरचित्रवाणीवरच्या लांबलचक मालिका आणि चीनमध्ये बनणारे हेरपट यांना इथे जागा मिळाली नाही. चिनी हेरपटांवर तिथली भाषा जाणणाऱ्याने लिहावे.

प्रकरणे कालक्रमाने आहेत, पण ती त्याच क्रमाने वाचण्याची सक्ती नाही. एक विनंती मात्र आहे. शेइबालवरचे प्रकरण उघडण्याआधी वायदाचा 'कानाव' मिळवून पाहा, आणि मगच 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' लावा.